कोल्हापुरात राहून ऑनलाइन कोल्हापुरी

गेल्या पावसाळ्यात मी एक चप्पल मागवली. कोल्हापुरी. ऑनलाइन. माझं घर मंगळवार पेठेत, आणि भवानी मंडपाजवळची चप्पल लाईन तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. लिहितानासुद्धा लाज वाटते, पण विषयच असा आहे की सुरुवात इथूनच करावी लागेल.

रात्री जेवण झाल्यावर मोबाईल चाळत पडलो होतो. एका मुलीचं रील आलं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेली, पायात चप्पल, आणि बोलणं थेट आमच्या गल्लीतलं. "मी तर रोज हेच घालतो बघा. चावत न्हाई, काय न्हाई. नाद खुळा हाय!" बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, कोल्हापूरकडच्या बायका-मुली स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी खातो' असंच म्हणतात. तिचं ते 'घालतो' ऐकलं आणि मला माझी मावसबहीण आठवली. रील परत एकदा बघितलं. खाली तिच्या नावाचा कोड होता, दहा टक्के सूट. 2,999 ही किंमत खोडलेली, शेजारी 1,499, कोड टाकल्यावर 1,349. अंगठ्यानं काम केलं, डोक्याला कळायच्या आत.

चप्पल आठवड्यात आली आणि पहिल्याच सरीत तिचा तळ पुरणपोळीसारखा फुगला. पिशवीत घालून चप्पल लाईनमधल्या एका ओळखीच्या दुकानात नेली. मालकांनी ती हातात घेतली, वाकवली, नाकाला लावली आणि माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली घातली.

"सर, कोल्हापुरात राहून ऑनलाइन कोल्हापुरी? असं कुठं असतंय व्हय?"

मग त्यांनी चामडं कापायच्या रापीनं तळाची कड उचकटली. वर चामड्याचा पातळ पापुद्रा, आत पुठ्ठा. शेजारी त्यांनी त्यांची एक जोडी ठेवली. तळाला चामड्याचेच थर, शिलाई चामड्याच्या वादीची, एक खिळा नाही. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, त्याचा तो ओळखीचा उग्र वास. "आणि सर, चावत न्हाई म्हणालेली न्हवं ती? खरी कोल्हापुरी नवी असताना चावतीयाच. तेल लावून, दमानं, पायाला सवय करायची. चावत न्हाई म्हणाल्यावरच तुम्हाला कळाय पायजे होतं." पावसात खरीसुद्धा घालायची नसते, हेही त्यांनी ऐकवलं. ते मला माहीत होतं. सगळंच माहीत होतं, हेच तर दुखणं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. जाहिरात म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. म्हणून मग बसून शोधलं की त्या रीलच्या आणि माझ्या अंगठ्याच्या मध्ये नेमकं काय घडलं.

पहिली गोष्ट ओळखीची. जाहिरातीत प्रसिद्ध चेहरा वापरणं नवं नाही. 1941 साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या, तेव्हापासून नट्या आपल्याला साबण विकत आहेत. पण नटी आपल्या ओळखीची आहे असं कुणाला वाटत नव्हतं. ती लांबची, पडद्यावरची, म्हणून तर तिचा साबण हवासा वाटायचा. इन्फ्लुएन्सरचं, म्हणजे मोबाईलवर वस्तूंची शिफारस करणाऱ्या त्या रीलमधल्या मुलीसारख्यांचं, बरोबर उलटं चालतं. तिचं स्वयंपाकघर आपल्याला पाठ असतं. तिच्या सासूचा आवाज मागून येतो. ती सर्दी झाली तरी सांगते, लेकराचं बारसं दाखवते, आणि हे सगळं ती आपल्या तळहातावर, आपण अंथरुणात असताना, आपल्या डोळ्यांत बघून बोलते. दोनशे दिवस असं झालं की मेंदू तिला शेजारीण म्हणून जमा करतो.

अमेरिकेतल्या डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी 1956 मध्येच याला नाव दिलं होतं. तेव्हा टीव्ही नवा होता. निवेदक कॅमेऱ्यात बघून बोलतो आणि घरातल्या माणसाला वाटतं, हा माझ्याशीच बोलतोय, हे त्यांनी टिपलं. मराठीत त्याला एकतर्फी ओळख म्हणू. आपण तिला ओळखतो, तिला आपला पत्ताही नसतो. तेव्हाचा निवेदक ठरलेल्या वेळी यायचा, कोट घालून. आताची ताई दिवसात सहा वेळा येते, गाऊनवर.

याला जोडून अजून जुनी एक गोष्ट. 1940 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका परगण्यात लोकांचा माग घेतला. लोक मत कशावरून ठरवतात, हा प्रश्न होता. रेडिओ आणि वर्तमानपत्रं थेट मत फिरवतील अशी अपेक्षा होती. निघालं असं, की लोकांवर जास्त पगडा ओळखीच्या माणसांचा होता. पेपर वाचणारा, चार गोष्टी जास्त माहीत असलेला एखादा असतो, त्याच्या तोंडून बातमी पुढं जाते. आपल्याकडं हे काही संशोधन करून सांगायला नको. कोल्हापुरात म्हैस घ्यायची तर एका माणसाला विचारतात, लग्नाचा साज करायचा तर गुजरीतला कुठला सराफ ते दुसऱ्याला, आणि पैलवानाच्या खुराकाचं तालमीतल्या वस्तादाला. 'आपल्या ओळखीचा हाय' या तीन शब्दांवर या गावात अजूनही लाखांचे व्यवहार होतात.

पण त्या ओळखीला एक कड होती. चुकीची म्हैस सांगितली तर तो माणूस दुसऱ्या दिवशी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर भेटायचाच. चारचौघांत त्याला ऐकून घ्यावं लागायचं. शब्द फुकट गेला तर त्याचं वजन कमी व्हायचं. मोबाईलमधल्या ओळखीत आपल्याला विश्वास तेवढाच वाटतो, पण रंकाळ्यावर ती मुलगी मला कधीच भेटणार नाही. मी कमेंट टाकली, "चप्पल फुगली." दुसऱ्या दिवशी ती कमेंट नव्हती.

आता पैशाचं. ते आतून कसं चालतं हे बहुतेकांना धूसर माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर. सगळ्यात खालची पायरी बार्टर: वस्तू फुकट घ्या, व्हिडिओ करा, पैसे नाहीत. नवी पोरं यावरच सुरुवात करतात. पुढं ठरलेला दर, रीलला इतके, स्टोरीला इतके. आणि तिसरा, माझ्या कामाचा, कमिशनचा प्रकार. प्रत्येकाला स्वतःचा कोड किंवा लिंक मिळते. मी तिचा कोड टाकला त्या क्षणी कंपनीच्या हिशेबात नोंद झाली की हे गिऱ्हाईक तिनं आणलं. म्हणजे मला दहा टक्के सवलतीचा आनंद ज्या कोडनं दिला, तोच कोड तिच्या कमाईचं मीटर होता. सूट ही तिच्याकडून मला भेट, असं मला वाटलं होतं!

त्याच्यावरचा एक प्रकार मला हल्लीच समजला. कंपनी इन्फ्लुएन्सरचं रील घेते आणि त्याच्यावर स्वतःचे पैसे लावून ते अनोळखी लोकांना दाखवते. रील तिचं, चेहरा तिचा, गल्लीतली बोली तिची, पण ते माझ्यासमोर आलं ते कंपनीनं पैसे भरले म्हणून. वय, गाव, आवड निवडता येते. कोल्हापूर, वय चाळीसच्या पुढं, पादत्राणं. मी त्या जाळ्यात बसणारा मासाच होतो.

आणि "कमेंटमध्ये 'चप्पल' लिहा, मी लिंक पाठवतो" हे वाक्य रोज दिसतं, त्याचंही सांगतो. लिंक सरळ देता येते. 2021 च्या ऑक्टोबरपासून तर इन्स्टाग्रामच्या स्टोरीत लिंक लावायला दहा हजार फॉलोअर लागण्याची अटही गेली. तरी कमेंट लिहायला लावतात, कारण प्रत्येक कमेंट म्हणजे रीलला मिळालेला प्रतिसाद, आणि जास्त प्रतिसादाचं रील ॲप आणखी लोकांपुढं सरकवतं. उत्तर यंत्रच पाठवतं. आपण लिंक मागतोय असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण फुकटात दवंडी पिटत असतो. 'किंमत डीएममध्ये', म्हणजे खासगी निरोपात, याच्या पाठीमागंही बऱ्याचदा हेच असतं.

तिसरा खेळाडू म्हणजे खुद्द ॲप. भारतात 2016 साली जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, 2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, आणि आठवड्या-दीड आठवड्यात इन्स्टाग्रामनं इथं रील्स सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या पोरांना रंगमंच मिळाला तो हा. ॲपला तुम्ही काय आवडलं म्हणता याच्याशी फार कर्तव्य नसतं, तुम्ही कुठं थांबलात हे ते मोजतं. मी ते रील दोनदा बघितलं होतं. पुढचे चार दिवस मला चपलाच दिसल्या. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेस पडली तरी ती आवडू लागते, बाकी काही कारण नसताना. चार दिवसांत माझ्या मनात 'कोल्हापुरी घ्यायला पाहिजे' ही इच्छा आपोआप उगवली, असं मला वाटत होतं. 2,999 चा खोडलेला आकडाही त्याच कारखान्यातला. तो आधी दिसला म्हणून 1,349 स्वस्त वाटले. चप्पल लाईनमध्ये मी आधी आकडा ऐकून "काय मालक, जरा बघा की" म्हणणारा माणूस आहे. मोबाईलशी घासाघीस करता येत नाही, म्हणून त्यानं ती आपल्या वतीनं आधीच करून ठेवलेली असते.

हे सगळं समजल्यावर मी एकदा शूटिंग जवळून बघितलं, ते सांगायलाच हवं. रविवारी सकाळी मिसळ खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर दोन पोरं, एक कॅमेऱ्यासमोर, एक मागं. मिसळ आली. पहिल्यांदा कट ओतताना हात मध्ये आला, म्हणून परत वाटी मागवली. दुसऱ्यांदा तर्री कडेनं गेली. तिसऱ्यांदा बरोबर मधोमध पडली, लाल तवंग पसरला, वाफ मात्र तोवर संपली होती. मग गरम पाण्याचा ग्लास ताटलीमागं ठेवून वाफ काढली. पोरानं पावाचा तुकडा बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटले, मान हलवली, "भावा, विषय हार्ड!" आणि कॅमेरा बंद झाल्यावर ताटली बाजूला सारली. सकाळपासूनची त्याची ती चौथी मिसळ होती, बिचारा खाणार तरी किती. फसवणूक म्हणावी असं त्यात फार नव्हतं, मिसळ चांगलीच होती. पण पुढच्या रविवारी तिथं रांग लागली, रांग बघून आणखी लोक थांबले, आणि रांगेचेही रील झाले. गर्दी आहे म्हणजे चांगलंच असणार, हा आपला जुनाच हिशेब. फरक एवढा की पहिले पन्नास लोक आता विकत आणता येतात.

मालकाला विचारलं, परवडतं का? ते म्हणाले, शनिवार-रविवार पुणे-मुंबईच्या गाड्या येतात, धंदा होतो, पण रोजचे सकाळचे गिऱ्हाईक रांग बघून माघारी फिरतात. "आणि ही पाव्हणी एकदा येत्यात सर. रोजचा माणूस रोज येतोय." तरी पुढच्या महिन्यात परत दोन पोरांना बोलावलंयच.

मी काही या मंडळींच्या विरोधात नाही. कांदा-लसूण चटणी करून विकणाऱ्या, उन्हाळ्यात डंकावर मिरची कुटून आणणाऱ्या बायका मला माहीत आहेत, ज्यांच्या मालाला पूर्वी भाऊबंदांपलीकडं गिऱ्हाईक नव्हतं. एका भाचीनं रील केलं आणि पार्सलं नागपूरला जाऊ लागली. वर्तमानपत्रातली पाव पानाची जाहिरात त्यांना सात जन्मांत जमली नसती.

आणि कधी कधी तर कुणी पैसे न देताच हे चक्र फिरतं. 2025 च्या जूनमध्ये इटलीत मिलानला प्राडा या कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, नाव नुसतं 'लेदर सँडल'. कोल्हापूरचा उल्लेख नाही. आपल्याकडं फोनाफोनी, रील्स, संताप. या चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ही माहिती कधी नव्हे ती घराघरात पोचली. कंपनीनं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं, जुलैत तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चामड्याच्या उद्योगासाठीच्या सरकारी महामंडळांशी करार झाला: सुमारे 2,000 जोड्या, एकीची किंमत 800 युरोंच्या आसपास. दरम्यान ऑनलाइन विक्रेत्यांनी तो राग गरम असतानाच त्याच्यावर जाहिराती करून घेतल्या. राग हाही शेवटी मोजला जाणारा प्रतिसादच. माझं ते रील त्याच लाटेवरचं होतं, हे मला नंतर लक्षात आलं. अस्मिता म्हणून पुठ्ठा विकत घेतला मी.

मग कायदा काय म्हणतो? बरंच म्हणतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम 14 जून 2021 पासून लागू आहेत. पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर तशी पाटी दिसली पाहिजे, आणि ती पुढं अर्धा डझन हॅशटॅगांत पुरून ठेवायची नाही. पण ही परिषद जाहिरात व्यवसायानं स्वतःसाठी नेमलेली संस्था. सरकारी दंडुका ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि शिफारस करणाऱ्याला वर्षभर, पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत शिफारशी करायला बंदी घालू शकतं. वस्तूची नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर सुटका आहे. जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं आणखी सोपं करून सांगितलं: व्हिडिओ असेल तर खुलासा व्हिडिओतच हवा, दिसायलाही आणि ऐकूही. नुसते पैसेच मोजायचे असंही नाही. फुकट वस्तू, सहल, भेट, सवलत, नातेवाईक असणं, हे सगळं सांगण्यासारखं.

प्राप्तिकर खात्याची नजर तर त्याहून बारीक. 1 जुलै 2022 पासून वर्षाला 20,000 रुपयांच्या वर किमतीच्या अशा फुकट वस्तूंवर 10 टक्के कर कापायचा नियम आला. मोबाईल घेतला, व्हिडिओ केला आणि परत दिला तर प्रश्न नाही. ठेवून घेतला तर तो लाभ. शेअर बाजाराचे सल्ले देणाऱ्यांचं प्रकरण वेगळंच आहे, तिथं सेबी ही बाजारावर लक्ष ठेवणारी संस्था आहे आणि तिथं गेलेल्या पैशाला चप्पलेसारखी कड उचकटून बघता येत नाही.

माझ्या रीलवर पाटी होती का, हे मी परत जाऊन बघितलं. होती. कोपऱ्यात, इंग्रजीत, 'कोलॅब'. मुलगी शुद्ध कोल्हापुरीत बोलणार आणि खुलासा तेवढा इंग्रजीत! 2022 च्या केंद्रीय नियमांत जाहिरातीखालच्या अटी-शर्ती दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत द्याव्यात असं आहे. तोच न्याय इथं लावला तर तिनं म्हणायला हवं होतं, "चप्पल मला फुकट मिळालीया, आणि तुम्ही घेतलासा की मला पैसे मिळत्यात." मी तरीही घेतली असती का? बहुधा एवढ्या घाईनं नाही. 'शेवटच्या तीनच जोड्या' असंही लिहिलं होतं, ते आठवड्यानंतरही तीनच होत्या. या खोट्या घाईला सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये ठरवलेल्या तेरा फसव्या युक्त्यांच्या यादीत पहिली जागा दिली आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, अर्धे पैसे परत आले, चप्पल बागेत कुत्र्याच्या पिल्लानं नेली.

खरी जोडी मग चप्पल लाईनमधूनच घेतली. मालकांनी पायाचं माप घेतलं, अंगठा जरा सैल करून दिला, तेलाची सूचना परत एकदा दिली. पैसे देताना त्यांचा मुलगा मोबाईल घेऊन पुढं आला. "सर, जरा पाय पुढं करा की. आणि तेवढं ऑनलाइन घेतल्याचं सांगा, पुठ्ठ्याचं." मी सांगितलं. चांगलं मिनिटभर, हातवारे करून, वर्गात सांगतो तसं. मालकांनी बिलातले दीडशे कमी केले.

रील चाललं म्हणे. दोन दिवसांनी कॉलेजातल्या एका सरांचा फोन आला, "सर, बघितलं तुमचं. चप्पल कुठल्या दुकानातली हो ती?" मी दुकानाचं नाव सांगितलं, कुठं वळायचं ते सांगितलं, माझी ओळख सांगा म्हणालो. दीडशे रुपयांचं तेवढं राहून गेलं.